उपवासांत चरबी जाते कोठें ?

गेल्या नवरात्रांत आमच्या घरीं जो प्रकार घडला तो वाचकांस सांगावा कीं नाहीं, याचा आम्ही बरेच दिवस विचार करीत होतों. घरांतील गोष्ट चव्हाट्यावर मांडूं नये, हा आमच्या वडिलांचा दंडक. परंतु त्या निमित्तानें उपवासाविषयीं जें कांहीं आम्हीं वाचलें आणि जाणत्यांस विचारून समजून घेतलें, तें इतकें विलक्षण निघालें कीं, ज्या घरांतून एकादश्या, चतुर्थ्या आणि नवरात्रें अद्यापि पाळलीं जातात त्या घरांपर्यंत तें पोंचवावें असें वाटूं लागलें. तेव्हां वडिलांची क्षमा मागून लिहितों.

आमचे थोरले बंधु मधुमेहानें गेले, त्यास आतां नऊ वर्षें झालीं. अखेरच्या काळांत त्यांचा एक पाय गुडघ्याखालीं काढावा लागला होता. तेव्हांपासून घरांत ‘साखर’ हा शब्द, मग तो चहाच्या संबंधांत कां निघेना, कानीं पडला कीं वहिनींचा चेहरा उतरतो. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा पुतण्या, वयानें सव्वीस, शिक्षणानें इंजिनियर, अंगानें सडपातळ आणि व्यायामाचा मोठा षोकी. वहिनी नवरात्रांत नऊ दिवस एकभुक्त राहतात. मुलानेंहि देवीचें कांहीं करावें, असें यंदा त्यांनीं सुचविलें. चिरंजीवांनीं ती सूचना अनपेक्षित उत्साहानें उचलली आणि शेवटचे तीन दिवस केवळ पाण्यावर राहण्याचें ठरविलें. या उत्साहाचें रहस्य आम्हांस मागाहून कळलें. व्यायामशाळेंतील कोणा सोबत्यानें त्याला सांगितलें होतें कीं, तीन दिवस अन्न वर्ज्य केलें म्हणजे स्नायूंच्या आंत दडून बसलेली चरबी समूळ वितळून जाते. देवीहि प्रसन्न आणि दंडहि पीळदार, असा तो दुहेरी संकल्प होता.

त्याच सुमारास त्याची एका ठिकाणीं नवी नेमणूक व्हावयाची होती, व तत्पूर्वीं वैद्यकीय तपासणी होती. तपासणीस उपाशीं पोटीं यावें अशी सूचना होती. आमच्या या पठ्ठ्यानें विचार केला कीं, रात्रभर उपाशी राहिलेला मनुष्य जर त्यांना चालतो, तर तीन दिवसांचा उपाशी त्यांना अधिकच पसंत पडेल ! चौथ्या दिवशीं सकाळीं तो पारणें न करतां तसाच गेला. तेथें त्याचें रक्त घेतलें, पाण्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज विरघळवून प्यावयास दिलें, आणि दोन तासांनीं पुन्हां रक्त घेतलें. पहिला आंकडा निघाला ६२, दुसरा १८४. दोन तासांनंतरचा आंकडा १४० च्या आंत असावा, १४० ते १९९ हा मधुमेहाचा उंबरठा, आणि २०० पासून पुढें प्रत्यक्ष मधुमेह, हा हिशेब आमच्या घरांत लहानमोठ्या सर्वांना पाठ आहे.

वहिनींनीं तो कागद वाचला, घडी करून देवघरांत ठेविला आणि तेथेंच पाटावर बसून राहिल्या. संध्याकाळीं आम्हांला म्हणाल्या, “भाऊजी, नवरात्र धरायला मींच सांगितलें होतें. माझ्याच हातून का हो हें झालें ?” आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्ही त्याला घेऊन आमच्या नेहमींच्या डॉक्टरांकडे गेलों. कागद पाहून त्यांनीं एकच प्रश्न विचारला, “तपासणीच्या आधीं तीन दिवस याच्या पोटांत काय गेलें होतें ?” उत्तर ऐकतांच ते हंसले. म्हणाले, “हा कागद तूर्त बाजूला ठेवा. पंधरा दिवस घरांत शिजेल तें सर्व याला जेवूं द्या, मग पुन्हां पाहूं.” वहिनींचें समाधान एवढ्यानें होण्यासारखें नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर आमचेंहि नव्हतें. त्या हंसण्याचा अर्थ काय, हें समजून घेण्याच्या खटाटोपांतून पुढील मजकूर निघाला आहे.

शरीरांत चरबीचा सांठा कोठें असतो, असें विचारलें तर कोणीहि पोटाकडे बोट दाखवील, व तें बरोबरच आहे. बेताच्या बांध्याच्या मनुष्याच्या अंगावर दहा-पंधरा किलो चरबी असते, आणि तिचा बहुतेक भाग कातडीखालीं व पोटांत असतो. परंतु याखेरीज स्नायुतंतूंच्या आंत, जेथें शक्तीचा प्रत्यक्ष खर्च होतो तेथेंच, सूक्ष्मदर्शकांतून दिसणारे चरबीचे बारीक थेंब असतात. साऱ्या स्नायूंतील मिळून ही चरबी कांहीं शें ग्रॅमच भरते. ज्यांनीं गांवाकडचीं जुनीं घरें पाहिलीं आहेत त्यांना दाखला देणें सोपें आहे. अशा घरांतून जमिनीखालीं धान्याचें पेव असे, आणि चुलीजवळ पिठाचा डबा असे. पेव वर्षाचें, डबा दोन-चार दिवसांचा. कातडीखालची चरबी हें पेव, आणि स्नायूंतील थेंब हा डबा. पुतण्याच्या सोबत्याची समजूत अशी कीं, बाहेरून धान्य येणें बंद झालें म्हणजे प्रथम डबा रिकामा होईल. वरकरणीं हें कोणासहि पटावें. आम्हांलाहि पटलें होतें.

हा डबा भरला आहे कीं रिता आहे, हें पाहणें मात्र फार दिवस कठीण होतें. १९६२ सालीं स्वीडनमधील बर्गस्ट्रॉम यांनीं स्नायूचा लहानसा तुकडा काढण्याची सुई पुन्हां प्रचारांत आणली, आणि तिच्या साह्यानें मांडींतील स्नायूचें आंतलें रूप पाहतां येऊं लागलें. परंतु त्या तुकड्यांत तंतूंच्या आंतील चरबी कोणती आणि दोन तंतूंच्या मधल्या फटींतील चरबी कोणती, हें निवडणें जिकिरीचें. शिवाय एकाच माणसाला टोंचणार तरी किती वेळां ? पुढें १९९३ मध्यें जर्मनींतील ट्यूबिंगेन येथील संशोधकांस असें आढळलें कीं, प्रबळ चुंबकाच्या यंत्रांत (आज ज्याला सर्वजण एम.आर.आय. म्हणतात त्याच जातीच्या) पोटरी ठेविली असतां चरबीकडून एकाऐवजीं दोन संकेत येतात. तंतूंच्या आंतील चरबी गोल थेंबांच्या रूपानें असते, आणि तंतूंच्या मधली चरबी लांबट पट्ट्यांच्या रूपानें स्नायूच्या दिशेनें पसरलेली असते. या आकारभेदामुळें चुंबकाच्या क्षेत्रांत त्यांचे संकेत किंचित् वेगळे पडतात, जसे एका स्वरांत लावलेले दोन तंबोरे कसलेल्या कानाला निराळे ओळखूं यावे. १९९७ मध्यें स्वित्झर्लंडमधील बर्न येथें हीच गोष्ट अधिक कसोशीनें पडताळून पाहण्यांत आली. तेव्हांपासून सुई न लावतां, एकाच मनुष्याच्या एकाच स्नायूंतील चरबी आज किती, उद्यां किती, हें मोजण्याची सोय झाली.

आतां मुख्य गोष्ट. २००२ सालीं ऑस्ट्रेलियांतील सिडनी येथें निरोगी व व्यायामानें कसलेल्या कांहीं पुरुषांना ७२ तास केवळ पाण्यावर ठेवण्यांत आलें, आणि त्यांच्या मांडीच्या स्नायूची उपवासापूर्वीं व उपवासानंतर मोजणी झाली. म्हणजे हुबेहूब आमच्या पुतण्याचाच प्रयोग ! त्यांच्या स्नायुतंतूंतील चरबी घटली नव्हती. ती स्पष्टपणें वाढली होती. दोन वर्षांनीं ट्यूबिंगेन येथें याहूनहि लांब उपवासाचा प्रयोग झाला, त्यांतहि ती वाढलीच. मात्र सर्व स्नायूंत सारखी वाढली नाहीं. नडगीपुढील स्नायूची गोष्ट निराळी आणि पोटरीच्या स्नायूची निराळी, असें दिसून आलें.

हें वाचून आम्ही प्रथम चकित झालों, आणि पेवाचा दाखला पुन्हां मनांत आणल्यावर आमचें आम्हांसच हंसूं आलें. बाहेरचें धान्य बंद झालें म्हणजे शहाणा घरधनी काय करतो ? पेव उघडतो. आणि पेव उघडलें कीं धान्याचीं पोतीं घरांत येतात, दळण पडतें, डबे नेहमींपेक्षां अधिकच भरतात. शरीरांत अक्षरशः हेंच घडतें. अन्न मिळेनासें झालें कीं रक्तांतील इन्सुलिन खालीं येतें. एरव्हीं इन्सुलिन हें पेवावरच्या झांकणासारखें असतें. तें उठलें म्हणजे कातडीखालील चरबी फुटून तिचीं मेदाम्लें रक्तांत येऊं लागतात, व पाहतां पाहतां त्यांचें प्रमाण कैक पटींनीं चढतें. स्नायु त्यांतील पुष्कळशीं जाळतात. परंतु जितकीं जाळावीं त्याहून अधिक दारीं येऊन पडतात. तीं परत पाठविण्यापेक्षां स्नायुतंतु त्यांची पुन्हां चरबी करतात आणि आपल्या थेंबांत ठेवून देतात. २००३ मध्यें हॉलंडांतील मास्ट्रिक्ट येथें एक मौजेची गोष्ट दिसली. दोन तास सायकल चालविल्यानंतर राबलेल्या पायांचें राहूं द्या, पण ज्या दंडांनीं कांहींच काम केलें नव्हतें त्यांच्यांत ही चरबी वाढलेली आढळली. लोंढा आला कीं ज्याचें दार उघडें त्याच्या घरांत पाणी शिरतें, तशांतलाच हा प्रकार.

उपवासी शरीर बहुतांशीं चरबीवर चालतें, हें कांहीं नवें ज्ञान नव्हे. १९१२ सालीं बॉस्टन येथें फ्रान्सिस बेनेडिक्ट यांनीं लेव्हान्झिन नांवाच्या माल्टा बेटांतील गृहस्थाला ३१ दिवस केवळ पाण्यावर ठेवून त्यांच्या श्वासोच्छ्वासाचा, उष्णतेचा आणि वजनाचा बारीक हिशेब ठेविला, व १९१५ मध्यें तो ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. प्रारंभींचे कांहीं दिवस सरल्यावर शक्तीचा फार मोठा वांटा चरबीच उचलते, हें त्यांत स्वच्छ दिसतें. त्यांना जें दिसणें शक्य नव्हतें तें एवढेंच कीं, पेवांतून निघालेली चरबी जळण्यापूर्वीं वाटेंत कोठें मुक्काम करते.

परंतु यावरून पुतण्याच्या १८४ या आंकड्याचा उलगडा कसा होतो ? त्यासाठीं मेंदूकडे वळलें पाहिजे. मेंदू हा घरांतील मोठा नाजूक जीव आहे. मेदाम्लांवर त्याचा निर्वाह होत नाहीं. त्याला दिवसाकांठीं शंभर-सव्वाशें ग्रॅम ग्लुकोज लागतें. यकृतांत त्याची शिल्लक शंभर ग्रॅमच्या आसपास असते, आणि ती एक-दीड दिवसांत संपत येते. पुढें तेंच ग्लुकोज स्नायूंतील प्रथिनें मोडून नव्यानें घडवावें लागतें, आणि चरबीपासून होणारे कीटोन हळूहळू मेंदूच्या मदतीस येतात. पण त्यांना यावयास कांहीं दिवस लागतात. अशा अडचणीच्या वेळीं स्नायूंनीं नेहमींप्रमाणें ग्लुकोज घेतलें तर मेंदूच्या तोंडचा घास जाईल. म्हणून स्नायु चरबीवर भागवितात आणि इन्सुलिननें ग्लुकोज घेण्याविषयीं कितीहि सांगितलें तरी ऐकत नाहींत. दुष्काळाच्या दिवसांत घरांतील कर्ती बाई जशी ‘मला भूक नाहीं’ असें सांगून कण्यांवर वेळ मारून नेते आणि दूध तेवढें पोरांसाठीं राखून ठेवते, तसेंच हें आहे. आणि त्या बाईच्या पानांत एकदम श्रीखंडाची वाटी वाढली, तरी तिचा हात लगेच पुढें होत नाहीं ! तीन दिवसांच्या उपवासानंतर आमच्या पुतण्यानें जें ७५ ग्रॅम ग्लुकोज घेतलें तें असेंच रक्तांत तिष्ठत राहिलें. त्याचे स्नायु अजून उपवासांतच होते.

ही गोष्टहि वैद्यांस पूर्वींपासून ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्झ होफमायस्टर यांनीं उपाशी ठेविलेल्या कुत्र्यांच्या लघवींत, त्यांना खाऊं घातल्यावर, साखर उतरतांना पाहिली आणि तिला उपासमारीचा मधुमेह असें नांव दिलें. म्हणूनच ग्लुकोज पाजून तपासणी करावयाची असेल तर त्याआधीं तीन दिवस रोज निदान १५० ग्रॅम पिष्ट पदार्थ पोटांत गेले पाहिजेत, असा नियम आहे. रात्रभर उपाशी राहावें, परंतु तत्पूर्वींचे तीन दिवस पोटभर जेवावें. हा उत्तरार्ध सांगण्यास तपासणीच्या ठिकाणीं पुष्कळदां विसरतात, आणि विसरण्याचें प्रायश्चित्त कोणा आईला भोगावें लागतें.

स्नायूंतील चरबी हीच इन्सुलिनला बधिर करते काय, हा प्रश्न वाचकांच्या मनांत आला असेल. दोन्ही गोष्टी उपवासांत बरोबरीनें घडतात हें खरें. परंतु २००१ मध्यें अमेरिकेंतील पिट्सबर्ग येथें असें दिसलें कीं, लांब पल्ल्याचें धांवणें-सायकल यांत मुरलेल्या खेळाडूंच्या स्नायूंत ही चरबी मधुमेह्यांच्या इतकीच भरलेली असते, आणि तरी त्यांचे स्नायु इन्सुलिनची आज्ञा उत्तम पाळतात. खेळाडूंचा डबा रोज उपसला जातो आणि रोज भरला जातो. मधुमेह्याच्या डब्यांत पीठ पडून राहून त्याला पोरकिडे होतात. म्हणजे थेंबांपेक्षां त्यांच्या घडामोडींत अर्धवट राहिलेल्या द्रव्यांवर अनेकांचा संशय आहे. पंडितांचा हा वाद मिटलेला नाहीं, आणि तो येथें मिटविण्याचा आमचा अधिकारहि नाहीं.

आमच्या वाचक भगिनींस एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण घराघरांतून उपवासांचा बहुतेक भार त्याच वाहतात. (पुरुषांचा उपवास बहुधा बायकांनीं केलेल्या खिचडीपुरता असतो.) २०१२ सालीं अमेरिकेंतील डल्लास येथें निरोगी स्त्रिया व पुरुष यांना ४८ तास उपाशी ठेवून यकृत व स्नायु या दोहोंतील चरबी मोजली गेली. पुरुषांची चरबी यकृतांत सांठली, स्त्रियांची स्नायूंत. शरीराच्या एकंदर साखरेच्या व शक्तीच्या हिशेबांत मात्र दोघांमध्यें कांहीं फरक पडला नाहीं. सिडनीच्या कसलेल्या पुरुषांत ती स्नायूंत वाढली होती हें वर आलेंच आहे. तेव्हां व्यायाम, लिंग आणि उपवासाची लांबी यांप्रमाणें चरबीच्या मुक्कामाची जागा बदलते, एवढें म्हणतां येईल.

“पण हा इतका काटकुळा, याच्या अंगांत चरबी आली कोठून?” असें वहिनींनीं विचारलें होतें. याचें उत्तर पुण्यांतच मिळतें. २००४ मध्यें पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि विलायतेचे डॉ. जॉन युडकिन यांनीं आपला दोघांचा फोटो व आंकडे एका प्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकांत छापले होते. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें. परंतु युडकिन यांच्या शरीरांत चरबी ९·१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरांत २१·२ टक्के! आपली जात अशी दिसावयास बारीक आणि आंतून स्निग्ध आहे.

आतां आपल्या एकादशीविषयीं. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस आणि वर केळें, असा जो फराळ आपण करतों त्याला आम्ही नांवें ठेवीत नाहीं, कारण आम्हींहि तो आवडीनें केला आहे. परंतु वर सांगितलेल्या गोष्टींशीं त्याचा संबंध नाहीं. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. तो पोटांत गेला कीं इन्सुलिन चढलेंच, आणि पेवावर झांकण बसलेंच. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ असें म्हणणारांस शरीरशास्त्र ठाऊक नव्हतें, तरी निदान त्यांनीं अचूक केलें होतें. निर्जळी एकादशीची गोष्ट वेगळी. दशमीच्या रात्रीपासून द्वादशीच्या सकाळपर्यंत छत्तीस तासांच्या घरांत जाणाऱ्या उपवासांत पेव खरोखरच उघडतें.

आणि येथेंच ज्यांच्या घरीं मधुमेहाचीं वडीलधारीं माणसें आहेत त्यांनीं जपलें पाहिजे. कांहीं गोळ्या अन्न पोटांत असो वा नसो, इन्सुलिन निर्माण करावयास लावतात. टोंचून घेतलेलें इन्सुलिनहि उपवास जाणत नाहीं. सकाळीं नित्यनेमानें गोळी घेऊन दिवसभर कडकडीत उपास केला तर दुपारनंतर घाम, कांपरें, भ्रम, आणि वेळीं साखर न मिळाल्यास बेशुद्धि. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या ज्या नव्या गोळ्या आहेत त्यांचा धोका उलट प्रकारचा; त्या घेणारानें अन्न सोडलें तर रक्तांत कीटोन प्रमाणाबाहेर वाढून रक्त आम्ल होऊं शकतें, आणि साखरेचा आंकडा फारसा न चढल्यामुळें घरच्यांच्या तें लक्षांतहि येत नाहीं. तेव्हां व्रत धरण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें, आणि विचारतांना फराळ कीं निर्जळी तेंहि स्पष्ट सांगावें. ‘उपास आहे’ एवढेंच सांगितलें तर डॉक्टर खिचडी समजतात. दीर्घ उपवासाचें पारणें पुरणपोळीनें करण्याची हौसहि अशा मंडळींनीं आंवरावी. वर वर्णिलेले स्नायु त्या वेळीं साखर घेण्याच्या मनःस्थितींत नसतात.

पंधरा दिवस आमचा पुतण्या वरण, भात, पोळी, भाजी असें सर्व कांहीं जेवला. सोळाव्या दिवशीं तीच तपासणी पुन्हां झाली. दोन तासांनंतरचा आंकडा १०८ निघाला, आणि नेमणुकीचें पत्रहि त्याच आठवड्यांत आलें. वहिनींनीं देवघरांतला पहिला कागद काढून दुसऱ्याला टांचणीनें जोडला आणि बंधूंचे जुने कागद ज्या पेटींत आहेत त्या पेटींत ठेविला. डॉक्टरांनीं, वडिलांचा इतिहास पाहतां, दरवर्षीं एकदां तपासणी करावी असें सांगितलें आहे. ती तारीख वहिनींनीं दिनदर्शिकेवर लिहून ठेविली आहे, दसऱ्यापासून चांगली महिनाभर दूर.

साबुदाण्यास पर्याय कोणता, या विषयीं आलेल्या पत्रांचा विचार पुढील अंकीं करूं.